कुमारांसाठी माहितीपर पुस्तकांचं कपाट : प्रकल्प नोंदी

9 जून 2025 : जागा आणि माप

सदाशिव पेठेतलं वाचनालय, पहिला मजला, जिन्यालगतची आठ फुटांची भिंत. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी कथा-कादंबऱ्या वगळून बाकीचं सगळं इथे येईल: चरित्र, विज्ञान, इतिहास, जंगल, खेळ, किल्ले, छंद. बालविभाग सातवीला संपतो. मोठ्यांच्या विभागात ही मुलं पाय ठेवत नाहीत, कारण तिथे पुस्तकं लेखकाच्या आडनावाने लावलेली असतात आणि चौदा वर्षांच्या मुलाला लेखक माहीत नसतो, विषय माहीत असतो.

दोन लोखंडी रॅक. प्रत्येक 6 फूट उंच, 3 फूट रुंद, 10 इंच खोल, पाच खण. तळाचा खण जमिनीपासून सहा इंच वर, कारण रोज फरशी पुसताना पाणी उडतं. रॅक भिंतीपासून तीन इंच सुटा ठेवायचा. ही बाहेरची भिंत आहे आणि जुलैत तिला ओल येते.

नजरेच्या उंचीवरचे दोन खण मुखपृष्ठ समोर ठेवून लावण्यासाठी. डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेपाच इंच रुंद असतं, म्हणजे 36 इंचांच्या खणात सहा पुस्तकं सुटसुटीत उभी राहतात. दोन्ही रॅक मिळून 24. उरलेल्या खणांत पाठ दाखवून. सव्वादोनशे पानांचं पुस्तक पाऊण इंच जाड धरलं तर एका खणात 48 बसतील, पण लावायची 35च. गच्च भरलेल्या खणातून पुस्तक काढताना मुलं पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतात, आणि कागदी बांधणी पहिल्यांदा तिथेच फाटते.

रक्कम 30,000 रुपये. त्यातले 25,000 पुस्तकांना. बाकी तारेचे स्टँड, प्लास्टिक, कार्डपेपर, गोंद.

14 जून : जुन्या संग्रहाची छाननी

मोठ्यांच्या विभागातून जी पुस्तकं इकडे हलवता येतील ती काढून टेबलावर घेतली. तीन ढीग: ठेवायचं, दुरुस्तीला, बाद.

बाद करण्याचा निकष जुनेपणा नाही. 1907 साली छापलं गेलेलं गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ आजही चालतं, आणि दहा वर्षांपूर्वीचं संगणकावरचं पुस्तक चालत नाही. संगणक, मोबाइल, करिअर मार्गदर्शन, प्रवेश परीक्षा हे विषय पाच वर्षांहून जुने असतील तर सरळ बाद. खगोलशास्त्रासाठी 2006 ही खूण ठेवली. त्या वर्षी 24 ऑगस्टला प्लूटोचं ग्रहपद गेलं, त्यामुळे ‘नऊ ग्रह’ लिहिलेलं पुस्तक कधीचं ते लगेच कळतं. मात्र त्या एका कारणावरून पुस्तक काढायचं नाही. बाकी मजकूर चांगला असेल तर दुरुस्तीची चिठ्ठी लावायची. त्याबद्दल पुढे.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. ऐतिहासिक कादंबऱ्या इतिहासात घुसलेल्या असतात. ‘स्वामी’ ही कादंबरी आहे. तिचा वर्गांक 891.463 (मराठी कथा-कादंबरी), 954 (भारताचा इतिहास) नव्हे. तरीही शाळेच्या प्रकल्पवह्यांत माधवराव पेशव्यांच्या तोंडची कादंबरीतली वाक्यं अवतरणचिन्हांत इतिहास म्हणून येतात. मुलांनी कादंबऱ्या जरूर वाचाव्यात, पण या रॅकवर नकोत. शेजारी लहान पाटी लावली: ‘ऐतिहासिक कादंबऱ्या खालच्या मजल्यावर’. ही पाटी मोठ्यांनाही उपयोगी पडते.

21 जून : पहिली यादी

यादी करताना दोन प्रकारची पुस्तकं सतत समोर येतात. मोठे मुलांना देतात ती आणि मुलं एकमेकांना देतात ती. दोन्हींत काही नावं सामायिक आहेत, पण कारणं वेगळी. बक्षीस समारंभात ‘अग्निपंख’ हमखास मिळतं. पुण्यातल्या घराघरांत त्याची एक तरी प्रत असते आणि पहिल्या पानावर ‘यशस्वी विद्यार्थ्यास’ असं लिहिलेलं असतं. म्हणून ते विकत घ्यायचं नाही, देणगीतून आपोआप येतं. मुलांना त्यात आवडतात रामेश्वरमचं बालपण आणि उड्डाण फसलेल्या अग्निबाणांची पानं. उपदेशाची पानं उलटली जातात.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ मात्र विकतच घ्यायचं, तेही दोन प्रती. 1981 पासून हे पुस्तक मराठी घरांत हातोहात फिरतंय. पळवून नेलेलं गुलाम बाळ एका घोड्याच्या बदल्यात परत मिळतं, हे एकदा सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. त्यानंतर शेंगदाणा, माती, पिकांची फेरपालट असले विषय मुलं बिनतक्रार वाचतात.

‘तोत्तोचान’ आठवी-नववीसाठी. नॅशनल बुक ट्रस्टची आवृत्ती स्वस्त आहे, तीन प्रती परवडतात. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, आणि पहिल्याच भेटीत मुख्याध्यापक कोबायाशी त्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात, एवढ्यावर पुस्तक उचललं जातं. अकरावीची मुलं त्याला ‘लहान मुलांचं’ म्हणतात, त्यांच्या हातात द्यायला जाऊ नये.

ॲन फ्रँकच्या डायरीबाबत जपून. मराठीत एकाहून जास्त रूपं आहेत, त्यांतली काही फारच कापलेली. खरेदीआधी मागचं-पुढचं पाहायचं: नोंदी 12 जून 1942 पासून 1 ऑगस्ट 1944 पर्यंत आहेत का, आणि आईवरची चिडचिड शिल्लक आहे का. मोठे जो भाग काढून टाकतात तोच मुलींना नेमका हवा असतो. युद्धाबद्दल शाळेत शिकवतात, आईशी न पटण्याबद्दल कुणी शिकवत नाही.

डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ आणि विलास मनोहरांचं ‘नेगल’ शेजारीशेजारी ठेवायचं. हेमलकशाच्या प्राण्यांवरून आत शिरलेला वाचक पुढे दवाखान्यापर्यंत जातो. उलट क्रमाने दिलं तर पुष्कळ जण अर्ध्यावर सोडतात. नेगल हे बिबट्याचं नाव आहे, एवढं कार्डावर लिहिलं की पुरे.

जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ जाडजूड आहे. जाडी बघूनच हात मागे जातो. ते तुकड्यांनी वाचायला द्यायचं: वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. खगोलाकडे ओढा असलेल्याला सरळ केंब्रिजचा भाग. गेल्या महिन्यात, 20 मे रोजी, नारळीकर गेले. तेव्हापासून त्यांची पुस्तकं मागितली जातायत, म्हणून ‘आकाशाशी जडले नाते’ पहिल्या खरेदीतच. मारुती चितमपल्ली तीन दिवसांपूर्वी, 18 जूनला गेले. ‘चकवा चांदण’ आणि ‘पक्षी जाय दिगंतरा’ मोठ्यांच्या विभागात आहेत, ती इकडे आणली.

अनिल अवचटांचं ‘छंदांविषयी’ हे या यादीतलं आमच्या मते सगळ्यांत भरवशाचं पुस्तक. ओरिगामी, बासरी, लाकूडकाम. वाचून झाल्यावर हात शिवशिवतात, आणि वाचनाचा पुरावा दुसऱ्या दिवशी कागदी पक्ष्याच्या रूपात टेबलावर येतो.

‘इकिगाई’, ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ वगैरे ठेवायची की नाही यावर बराच खल झाला. मुलं ती मागतात, पालक त्याहून जास्त मागतात. ठेवायची, पण एका खणाच्या अर्ध्यात. त्याहून जास्त जागा दिली तर ती सगळ्या रॅकवर पसरतात, कारण दर महिन्याला नवं येतं आणि देणगीत सर्वांत जास्त तीच मिळतात.

आणि एक छोटी वस्तू. मुक्ता साळवे यांचा 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापलेला निबंध. पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या कुमारवयीन मुलीने लिहिलेला. तो पत्रिकेसारखा छापून पुठ्ठ्याच्या पाकिटात रॅकवर ठेवायचा. जुन्या शब्दांचे अर्थ समासात. लेखिका त्यांच्याच वयाची होती आणि याच शहरातली, हे पाकिटावर मोठ्या टाइपात.

28 जून : खरेदी, अप्पा बळवंत चौक

दुकानात पाहायच्या गोष्टी, क्रमाने. मुखपृष्ठामागच्या पानावर अनुवादकाचं नाव आहे का? नसेल तर घ्यायचं नाही. ‘अनुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’ यांपैकी काय छापलंय? मग मधलं एक पान मोठ्याने वाचायचं. वाक्याच्या शेवटापर्यंत जाताना सुरुवात विसरत असेल तर अनुवाद शब्दाला शब्द आहे, मूळ पुस्तक कितीही गाजलेलं असो.

टाइपाचा आकार बघायचाच. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी फर्डं बोलतात, पण वाचताना अडखळतात. दाटीवाटीने बसवलेला बारीक टाइप त्यांना पहिल्याच पानावर परतवतो. त्यांच्यासाठी ‘जोडप्रत’ ठेवायची: मराठी आणि इंग्रजी, दोन्हींच्या पाठीवर एकाच रंगाची पट्टी, शेजारीशेजारी. ‘अग्निपंख’, ॲन फ्रँक, मलाला आणि ‘सेपियन्स’ची तशी जोडी लावली. मुलं एक प्रकरण इंग्रजीत, एक मराठीत असं वाचतात. त्यात काही वावगं नाही.

वाचनालयांना छापील किमतीवर सवलत मिळते, पण ती मागावी लागते. वाचनालयाच्या नावाचं बिल आणि शिक्का सोबत ठेवावा.

रस्त्यावरच्या स्वस्त प्रतींबद्दल. चोरून छापलेली प्रत ओळखू येते: मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं पसरट, आतला कागद राखाडी आणि पातळ, ओळी पानावर किंचित तिरक्या, फोटो काळेभोर. ती घ्यायची नाही. लेखकाला पैसे जात नाहीत हे झालंच, शिवाय पावसाळ्यात तिचा गोंद सुटतो.

5 जुलै : दाखल करणे

प्रत्येक प्रतीचे फर्मे तपासायचे. पुस्तक साधारणतः सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. बाइंडिंगमध्ये एखादा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो. म्हणून 16–17, 32–33, 48–49 असे सांधे उलटून पाहायचे. एका पुस्तकाला दोन मिनिटं लागतात. शिक्का मारण्याआधी सापडलं तर प्रकाशक प्रत बदलून देतात. शिक्का पडला की वाद.

मग दाखल नोंदवही, दाखल क्रमांक, शिक्का. शिक्का नेहमीच्या दोन ठिकाणी: नामपृष्ठ आणि ठरलेलं गुप्त पान, म्हणजे वाचनालयालाच माहीत असलेल्या क्रमांकाचं आतलं पान. गुळगुळीत आर्ट पेपरवर शिक्क्याची शाई मुरत नाही, समोरच्या पानावर उमटते. अशा पुस्तकांत शिक्का साध्या कागदाच्या पानावर मारावा. तसं पान नसेल तर मध्ये कोरा कागद घालून रात्रभर उघडं ठेवावं.

13 जुलै : किल्ले

परवा, 11 जुलैला, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. पुणे जिल्ह्यातले तीन: शिवनेरी, लोहगड, राजगड. कालपासून किल्ल्यांची मागणी एवढी की तो खण रिकामा झाला. सिंहगड आणि तोरणा यादीत का नाहीत, हा प्रश्न टेबलावर आलाच. त्यावर वाद घालण्याइतकं साहित्य रॅकवर असावं.

किल्ल्यांची पुस्तकं दोन जातींची. एक वाटाड्या जात: कुठून चढायचं, पाणी कुठे, मुक्काम कुठे. दुसरी गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’सारखी, घरी बसून वाचायची. पहिल्या जातीचं पुस्तक सॅकमधून किल्ल्यावर जातं आणि चिखल घेऊन परत येतं. त्यामुळे त्याच्या दोन प्रती, त्यातली एक ‘बाहेर नेण्याची’ असं लिहून, जाड प्लास्टिकच्या वेष्टनात. एसटीच्या वेळा आणि जेवणाच्या सोयी यांवर विसंबू नये, असा शिक्का आतल्या पानावर. वाटा टिकतात, गाड्यांची वेळापत्रकं टिकत नाहीत.

19 जुलै : शिफारसपत्रं

हाच प्रकल्पाचा गाभा. मुलाला ‘पुस्तक कसं वाटलं?’ विचारलं की तो शाळेतला निबंध म्हणून दाखवतो: ‘हे पुस्तक खूप प्रेरणादायी असून यातून आपल्याला बोध मिळतो.’ ते वाचून कुणी पुस्तक उचलत नाही. तोच मुलगा जिन्यात मित्राला सांगतो, ‘अरे, ते घोड्याचं पान वाच.’ मित्र पान उघडतो, आणि पुस्तक घेऊन जातो. कपाटाला हवंय ते जिन्यातलं वाक्य.

म्हणून कार्ड असं: पोस्टकार्डाचा आकार, 14 × 9 सेंटिमीटर, जाड कार्डपेपर. वर पुस्तकाचं नाव. खाली चार रकाने.

पान आणि प्रकरण. दोन्ही लिहायची सक्ती, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात. जोडप्रतींत तर पान जुळतच नाही, प्रकरण जुळतं.

तिथे काय आहे. दोन ओळी. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘प्रेरणादायी’, ‘बोध’ हे शब्द चालणार नाहीत, ही सूचना कार्डावरच छापलेली. हे चार शब्द बंद केले की मुलं जरा वेळ पेन चावतात आणि मग काहीतरी खरं लिहितात.

कुठे कंटाळा येतो. हा रकाना ठेवायला काही मोठ्यांचा विरोध होता. ठेवला. कंटाळ्याची जागा आधी कळली की वाचक ती पानं ओलांडून पुढे जातो, नाहीतर तिथेच पुस्तक मिटतो. ‘माझा प्रवास’वर हा रकाना हवाच. सुरुवातीची जुनी भाषा आणि घरगुती तपशील जड जातात. झाशीपाशी या, वेढा वाचा, मग मागे जा.

कुणी वाचू नये. हा रकाना मुलांना सगळ्यांत आवडतो. नमुना: ‘ज्याला साप बघवत नाहीत त्याने नेगल रात्री वाचू नये.’ त्यानंतर रात्रीच वाचलं जातं, हे उघड आहे.

खाली सही म्हणून आद्याक्षर आणि इयत्ता. पूर्ण नाव, शाळा नाही. नाव लिहायचं म्हटलं की मुलं पुन्हा निबंधावर जातात, कारण सर वाचतील अशी धास्ती असते.

कार्ड पुस्तकात ठेवायचं नाही, पुस्तकाबरोबर घरी जाऊन हरवतं. खणाच्या कडेला चिमट्याने लावायचं. पुस्तक बाहेर गेलं तरी कार्ड तिथेच राहतं, आणि मागे ‘राखून ठेवा’चा रकाना असल्याने पुढचा वाचक तिथेच आद्याक्षर टाकतो. एका पुस्तकाला जास्तीत जास्त तीन कार्डं. चौथं आलं की सर्वांत जुनं काढायचं.

2 ऑगस्ट : दुरुस्ती चिठ्ठ्या

छाननीत बाजूला ठेवलेल्या पुस्तकांचं काम. 10 × 7 सेंटिमीटरची पिवळी चिठ्ठी, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, फक्त वरच्या कडेने चिकटवलेली, म्हणजे पुढे बदलता येते. मजकूर: कोणत्या पानावर काय छापलंय, आज काय आहे, कोणत्या तारखेपासून. शोधण्याचं काम मुलांचं, तपासण्याचं ग्रंथपालांचं. तपासाला दोन स्वतंत्र ठिकाणं लागतात, त्यांतलं एक तरी संबंधित संस्थेचं स्वतःचं.

लावलेल्या काही चिठ्ठ्या:

‘एव्हरेस्टची उंची 8,848 मीटर’ – डिसेंबर 2020 पासून 8,848.86.

‘भारतातून चित्ता नामशेष’ – 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आणलेले चित्ते कुनोत सोडले. इथे शब्द जपून वापरायचे. देशातला मूळ आशियाई चित्ता नामशेष झाला हे विधान बरोबरच आहे, सोडलेले आफ्रिकी आहेत. चिठ्ठीवर दोन्ही.

‘29 राज्ये, 7 केंद्रशासित प्रदेश’ – आता 28 आणि 8. जम्मू-काश्मीर आणि लडाख 31 ऑक्टोबर 2019 पासून; दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र 26 जानेवारी 2020 पासून. बेरीज का जमते हे मुलांनीच फळ्यावर मांडावं: राज्यांतून एक गेलं, प्रदेशांत दोन वाढले, एक कमी झाला.

‘शनीचे चंद्र’ – इथे प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा सापडतो. मार्च 2025 मध्ये 128 नव्या चंद्रांची भर पडून तो 274 झाला. अशा ठिकाणी आकड्याशेजारी वर्ष लिहिल्याशिवाय चिठ्ठी स्वीकारायची नाही.

‘अंतराळात पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेलेले एकमेव भारतीय नागरिक राकेश शर्मा’ – 3 एप्रिल 1984 पासून परवापर्यंत बरोबर होतं. 25 जून 2025 ला शुभांशू शुक्ला गेले, 15 जुलैला परत आले.

काय बिघडतं: उत्साहाच्या भरात मुलं मतांनाही चूक म्हणू लागतात. ‘लेखकाने अमुक राजाला मोठं म्हटलंय, ते चूक.’ चिठ्ठी फक्त तारीख, आकडा, नाव, नकाशा यांसाठी. मताशी भांडण असेल तर ते शिफारसपत्राच्या रकान्यात.

या कामाचा एक फायदा आधी लक्षात येत नाही. चूक शोधायची म्हणून घेतलेलं पुस्तक अख्खं वाचलं जातं, तेही बारकाईने.

16 ऑगस्ट : ओल

पावसाची झड. सॅकमधून भिजून आलेली पुस्तकं कशी वाळवायची याची नोंद, कारण चुकीच्या पद्धतीने वाळवल्यावर पुस्तक टिकत नाही.

साध्या कागदाचं पुस्तक: पानं पंख्यासारखी किंचित उघडून उभं ठेवायचं, पंख्याखाली, उन्हात नाही. उन्हात कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो. दर पंचवीस-तीस पानांनी कोरा टिपकागद. वर्तमानपत्र नको, त्याची शाई ओल्या पानावर उतरते. जवळपास वाळल्यावर मिटून वर वजन, रात्रभर.

पक्षी, वन्यजीव, खेळ यांची फोटोंची पुस्तकं आर्ट पेपरवर असतात आणि तिथे घाई लागते. त्या कागदावर मातीसारखा मुलामा असतो. ओला होऊन मिटलेल्या स्थितीत वाळला की शेजारची पानं एकमेकांना कायमची चिकटतात. ओढलं तर चित्र सोलून निघतं. म्हणून पुस्तक हातात आल्याबरोबर, ओलं असतानाच, प्रत्येक पान सुटं करून मध्ये मेणकागद घालायचा. मुलांना सांगून ठेवलंय: भिजलं तर दंड नाही, लपवलं तर आहे. नाहीतर ते मिटलेलंच तीन दिवस सॅकमध्ये राहतं.

सुटलेली पानं: पांढरा फेव्हिकॉल बारीक ब्रशने, पानाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरच. जास्त लावला तर पुढचं पानही धरतं. दोन्ही बाजूंना मेणकागद, वर वजन, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचं. पारदर्शक चिकटपट्टी कधीही नको. ती काही वर्षांत पिवळी होते, सुटते आणि डाग मागे ठेवते.

कसर आणि बुरशीसाठी दर शनिवारी एक खण रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसायचा. डांबरगोळ्यांच्या वासाने मुलं रॅकजवळ थांबत नाहीत, त्यामुळे त्या इथे वर्ज्य.

13 सप्टेंबर

गणपतीत पेठांतले रस्ते बंद, देवघेव जवळपास थांबलेली. मुदत सरसकट वाढवली.

15 ऑक्टोबर : वाचन प्रेरणा दिन

कलामांचा जन्मदिवस. शाळांत आज भाषणं असतात, इथे भाषण ठेवलं नाही. टेबलावर ‘हाताने करायची’ पुस्तकं आणि साहित्य: अरविंद गुप्तांच्या आगकाड्यांच्या रचना. त्यांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही मोफत मिळतात, त्यामुळे पानं छापून घेतली.

साहित्य एका गटाला: सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एक मीटर, आगकाड्यांची एक पेटी, सुई, ब्लेड. काड्यांचं गुल आधी खरवडून काढायचं, हे काम मोठ्यांनी करावं. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी घातली की झाला सांधा. तीन सांधे, तीन काड्या: त्रिकोण. चार सांधे, चार काड्या: चौकोन. त्रिकोण दाबून हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो. चौकोनाला कर्ण घातला की ताठ. लोखंडी पुलांना त्रिकोण का असतात ते इथे बोटांना कळतं. तीन काड्यांचा सांधा करताना तुकड्याला मधोमध सुईने भोक पाडून त्यात काडी घालावी लागते. भोक कडेला गेलं की ट्यूब फाटते. ट्यूब आता सगळीकडे मिळत नाही, कारण नव्या सायकलींना वेगळे व्हॉल्व्ह असतात. जुन्या दुरुस्तीच्या दुकानांत विचारावं.

त्याच टेबलावर ‘छंदांविषयी’ ठेवलं होतं. संध्याकाळी दोन्ही प्रती बाहेर.

8 नोव्हेंबर : दिवाळीनंतर

दिवाळी अंक रॅकवर आले. ‘साधना’चे बालकुमार आणि युवा अंक या वयासाठी मोलाचे, एका बैठकीत संपणारे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. निवडक लेखांची यादी छापून खणाला लावली.

क्रिकेटच्या पुस्तकांवर या आठवड्यात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या: ‘भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकलेला नाही’ हे वाक्य 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत, दक्षिण आफ्रिकेवरच्या 52 धावांच्या विजयाने, जुनं झालं. चिठ्ठी लिहिण्यावरून नववीच्या मुलींत चढाओढ. शेवटी प्रत्येक पुस्तकाला वेगळी लेखणी. त्यातून एक उणीव उघडी पडली: खेळाच्या खणात महिला खेळाडूंची मराठी चरित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुढच्या खरेदीत पहिला हक्क त्यांचा.

बुद्धिबळातही तेच. गुकेश डिसेंबर 2024 मध्ये अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला, नागपूरच्या दिव्या देशमुखने यंदा जुलैत महिला विश्वचषक जिंकला, आणि रॅकवरची पुस्तकं विश्वनाथन आनंदपाशी थांबलेली.

20 डिसेंबर : उरलेल्या रकमेची खरेदी

फर्ग्युसनच्या मैदानावरचा पुणे पुस्तक महोत्सव. यादी कार्डांवरून केली: ज्या कार्डामागे ‘राखून ठेवा’त पाचाहून जास्त आद्याक्षरं आहेत, त्याची जादा प्रत. मुलांबरोबर जायचं असेल तर प्रत्येक जोडीला ठरावीक रक्कम आणि एक अट: पुस्तक निवडताना त्यातलं एक पान दुसऱ्या जोडीला वाचून दाखवायचं. दाखवण्याजोगं पान सापडलं नाही तर पुस्तक परत खाली.

दहावी-बारावीची मुलं आता दिसेनाशी होतील, बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत. त्यांनी राखून ठेवलेली पुस्तकं अडवून ठेवायची नाहीत. आद्याक्षरासमोर ‘एप्रिल’ लिहून पुढच्याला द्यायची.

बाकी कामं: राजगडाच्या वाटाड्या पुस्तकाची बाहेर नेण्याची प्रत पाठीतून सुटली आहे, बाइंडरकडे. ‘माझा प्रवास’ला शब्दार्थांची पत्रिका हवी, अकरावीतल्या दोघांनी यादी सुरू केली आहे. मुक्ता साळवे यांच्या निबंधाचं पाकीट फाटलंय, नवं कापडी शिवून घ्यायचं.